संरक्षणाचा पैसा खरंच वळवतात का?

नाशिकच्या अंबडला सीएनसी मशीनवर विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका लघुउद्योजकाने विचारलं आहे: "साहेब, संरक्षणाला 6 लाख 81 हजार कोटी दिले म्हणतात. मग विमानं कमी का पडतात, तोफा जुन्या का? माझी ठरलेली ऑर्डर दोनदा पुढे गेली. विचारलं तर उत्तर मिळतं, फंड नाही. हा पैसा मधल्या मध्ये दुसरीकडे वळवतात का? तुम्ही आयुष्यभर हेच हिशेब तपासलेत, काय ते सांगा."

"फंड नाही" हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी ऐकलं आहे की आता कोणी ते म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली नाही? संरक्षण लेखा विभागातली माझी बरीच वर्षं देवळाली, नाशिक रोड आणि पुणे या पट्ट्यात गेली. युनिटात जाऊन स्टोअरची लेजरं तपासायची आणि कार्यालयात बसून बिलं पास करायची किंवा आक्षेप लावून परत धाडायची, हे काम.

तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: संसदेने संरक्षणासाठी मंजूर केलेला रुपया सरकारला गुपचूप रेल्वेला किंवा रस्त्यांना देता येत नाही. तो खर्च झाला नाही तर 31 मार्चला त्याची मंजुरी संपते. पण संरक्षणाच्या आत पैसा हलतो, आणि भरपूर हलतो. तो बहुतेक वेळा नियमात बसवून हलतो, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती एकूण आकड्याची, आणि एकूण आकड्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला 6,81,210 कोटी रुपये दाखवले, केंद्राच्या एकूण खर्चाच्या 13.45 टक्के. ही चार वेगवेगळ्या मागण्यांची, म्हणजे संसदेपुढे मंजुरीला ठेवलेल्या खर्चाच्या गटांची, बेरीज आहे आणि संसद त्या चारही स्वतंत्रपणे मंजूर करते. निवृत्तिवेतन 1,60,795 कोटी. तिन्ही दलांचा महसुली खर्च 3,11,732 कोटी. भांडवली खर्च 1,80,000 कोटी. उरलेले 28,682 कोटी 'संरक्षण मंत्रालय (नागरी)' या मागणीत, ज्यात तटरक्षक दल आणि सीमा रस्ते संघटना येतात. महसुलीतले 1,14,415 कोटी दैनंदिन गरजांचे, म्हणजे इंधन, दारूगोळा, सुटे भाग, दुरुस्ती, रेशन. बाकी जवळजवळ सगळा पगार आणि भत्ते.

महसुली म्हणजे पगार आणि भांडवली म्हणजे शस्त्रं, असा एक समज वर्तमानपत्रांनी पसरवून ठेवला आहे. देवळालीत राहणाऱ्याला तो चटकन खोडता येतो. शिंगवे बहुलाच्या बाजूने धडाडधूम ऐकू येतं तेव्हा ती तोफ भांडवली खर्चातली असते आणि तिच्यातून सुटलेला गोळा महसुली खर्चातला. 9 नोव्हेंबर 2018 ला के-9 वज्र आणि एम-777 या तोफा देवळालीतच लष्करात दाखल झाल्या, तेव्हा सगळ्या कॅमेऱ्यांचं तोंड तोफांकडे होतं. त्या तोफांनी वर्षानुवर्षं सरावाला किती गोळे झाडायचे, हा प्रश्न दुसऱ्या मागणीतला. त्याचा फोटो कोण काढणार? नियम ढोबळमानाने असा की वस्तूची किंमत दहा लाखांच्या वर आणि आयुष्य सात वर्षांहून जास्त असेल तर भांडवली, नाहीतर महसुली.

म्हणून तुम्हाला उलट विचारतो. तुमचा भाग नव्या विमानात बसतो की ओव्हरहॉलला आलेल्या जुन्या विमानात? नव्या विमानाचा असेल तर तुमचा पैसा भांडवली मागणीतून येतो. ओव्हरहॉलचा असेल तर महसुलीतल्या त्या सव्वा लाख कोटींच्याही आतल्या रकमेतून, जिथे तुम्ही डिझेल, बूट आणि तोफगोळ्यांशी स्पर्धा करता. दोन्हीकडे "फंड नाही" म्हटलं जातं आणि दोन्हींची कारणं निराळी असतात.

भांडवली बाजूचं कारण आधी घेऊ, कारण ओझरच्या विमान कारखान्यामुळे ते नाशिककरांच्या जवळचं आहे. 3 फेब्रुवारी 2021 ला 83 तेजस मार्क-1ए विमानांचा सुमारे 48 हजार कोटींचा करार झाला. अशा करारात सगळे पैसे एकदम देत नाहीत. सही झाली की काही टक्के आगाऊ, मग टप्पे ठरलेले असतात. टप्पा पुरा झाला, कागद आले, की पुढचा हप्ता. या विमानांचं एफ-404 इंजिन अमेरिकेहून यायचं होतं. पहिलं इंजिन आलं मार्च 2025 मध्ये, तर पहिलं विमान त्याच्या वर्षभर आधीच मिळायचं होतं. विमान नाही म्हणजे टप्पा नाही, आणि टप्पा नाही म्हणजे हप्ता नाही. त्या वर्षासाठी ठेवलेली रक्कम पडून राहिली. दिल्लीत तिला 'बचत' म्हणतात. या शब्दावर मी नोकरीत असतानाही चिडायचो.

मग डिसेंबरच्या आसपास सुधारित अंदाज ठरतात आणि अर्थ खातं विचारतं, उरलेल्या तीन महिन्यांत खरंच किती खर्चाल? 2024-25 मध्ये भांडवली तरतूद 1,72,000 कोटी होती, सुधारित अंदाजात ती 1,59,500 कोटींवर आणली. साडेबारा हजार कोटी कमी. 'संरक्षणाचा निधी वळवला' असे मथळे अशाच आकड्यांवर बेततात. ते पैसे गेले कुठे? सरकारने तेवढं कर्ज कमी काढलं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या खात्याच्या पुरवणी मागणीला तेवढी जागा झाली. दुसऱ्या शक्यतेला वळवणं म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही. पण मूळ दुखणं पैशाचं नव्हतं, इंजिनाचं होतं. जास्त तरतूद केली असती तर जास्त रक्कम परत गेली असती, इतकंच.

उलटंही घडतं. 2020 च्या उन्हाळ्यात गलवान झालं. त्या वर्षीची भांडवली तरतूद 1,13,734 कोटी होती, सुधारित अंदाजात ती 1,34,510 कोटी झाली. निकड असली की अर्थ खातं पैसे काढतं. दलांच्या उपप्रमुखांना 300 कोटींपर्यंतच्या तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले, आणि ज्या फायली एरवी वर्षानुवर्षं फिरतात त्या भराभर निघाल्या.

आता वळवण्याचा कायदा काय तो सांगतो. एका मागणीच्या आत एका लेखाशीर्षावरून दुसऱ्यावर रक्कम नेणं याला पुनर्विनियोजन म्हणतात. कार्यालयात सगळे 'रिअ‍ॅप्रोप्रिएशन'च म्हणतात. ते प्रशासनाला करता येतं, मर्यादा आणि मंजुरी सांभाळून. पण भांडवलीतून महसुलीत, किंवा एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, असं नेता येत नाही. संसदेपुढे कधीच न आलेल्या नव्या कामासाठीही येत नाही. तसं करायचं तर संविधानाच्या अनुच्छेद 115 खाली पुरवणी मागणी घेऊन पुन्हा संसदेत जावं लागतं. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात एखाद्या मोठ्या कामापुढे फक्त एक लाख रुपये लिहिलेले दिसतात, ती याचीच खूण. पैसे त्याच मागणीतल्या बचतीतून घ्यायचे असतात, संसदेची परवानगी मात्र हवी असते, म्हणून ही नाममात्र रक्कम.

आता तुम्ही म्हणाल, कागदावर सगळं चोख आहे, मग लोक उगीच ओरडतात का? नाही. वाकडं काम होतं ते या पुस्तकाच्या बरंच खाली, युनिटाच्या पातळीवर.

मार्च महिना. युनिटाकडे एका हेडखाली पैसे उरलेले आहेत. ते खर्च झाले नाहीत तर जातील, शिवाय पुढच्या वर्षी 'तुम्हाला मागच्या वेळीच जास्त झाले होते' म्हणून कात्री लागेल. मग सप्लाय ऑर्डरी सुटतात. वस्तू आल्याचा दाखला म्हणजे सीआरव्ही, सर्टिफाइड रिसीट व्हाउचर. ते लेजरला चढलं की बिल आमच्या कार्यालयात येतं आणि 31 मार्चला रात्री उशिरापर्यंत खिडक्या उघड्या असतात. एका ठिकाणी अशाच मार्चमधल्या बॅटऱ्यांचा सीआरव्ही मी काही महिन्यांनी तपासत होतो. तारीख 29 मार्च, सही-शिक्का सगळं जागच्या जागी. लेजरही बरोबर. मी स्टोअरकीपरला म्हटलं, एक बॅटरी खाली काढून दाखवा. तिच्यावर उत्पादनाचा महिना छापलेला होता, एप्रिल. मग गेटवरचं वाहनांचं रजिस्टर मागवलं. टेम्पो आत आल्याची नोंद एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली. म्हणजे माल कारखान्यात तयार होण्याआधीच तो मिळाल्याची सही झाली होती आणि पैसे चुकते झाले होते.

यात कोणी खिशात घातलं का? त्या प्रकरणात तरी नाही. बॅटऱ्या आल्या, मोजून पुऱ्या होत्या, कामाच्याही होत्या. पण एका वर्षाचा पैसा दुसऱ्या वर्षात खेचला होता आणि त्यासाठी खोटा दाखला केला होता. ज्या दिवशी बॅटऱ्या येणार नाहीत त्या दिवशीही हाच दाखला तितकाच चोख दिसेल, म्हणून आम्ही त्यावर आक्षेप घेतो. सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरची खर्चाची धावपळ वित्तीय शिस्तीचा भंग मानली आहे. अर्थ खात्याने शेवटच्या तिमाहीत 33 टक्के आणि मार्चमध्ये 15 टक्के अशी मर्यादाही घातली. ती पाळलेली दाखवण्यासाठी काय काय होतं, तो वेगळा विषय.

दुसरा नेहमीचा प्रकार बांधकामाचा. नवं बांधकाम करायचं तर वरची मंजुरी लागते, दुरुस्ती मात्र स्थानिक अधिकारात बसते. मग जुन्या शेडच्या 'दुरुस्ती'त चारही भिंती नव्या होतात, छप्पर नवं होतं, जुनं काय उरलं ते शोधावं लागतं. किंवा एकच काम तीन तुकड्यांत मंजूर होतं, प्रत्येक तुकडा अधिकाराच्या मर्यादेच्या जरासा खाली. लष्करी अभियांत्रिकीच्या कामाची फाइल हातात आली की मी आधी तीनही मंजुऱ्यांच्या तारखा बघायचो. एकाच आठवड्यातल्या असल्या तर पुढचं वाचायची घाई नसायची. असे मुद्दे आमच्या विभागाच्या वार्षिक अहवालात जातात, मोठे असले तर कॅगकडे, आणि फारच मोठे असले तर लोकलेखा समितीपुढे. बहुतेक मात्र 'भविष्यात काळजी घेण्यात यावी' या वाक्यावर मिटतात.

आता मोठ्या प्रमाणावर जे सरकतं त्याकडे येतो. माझ्या मते खरी लढाई इथे आहे.

मार्च 2018 मध्ये त्या वेळचे लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे सांगितलं की लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट प्रकारात मोडते, 24 टक्के चालू काळातली आणि जेमतेम 8 टक्के अद्ययावत. ही टक्केवारी खूप गाजली. त्याच साक्षीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. लष्कराला आधुनिकीकरणासाठी मिळाले होते 21,338 कोटी आणि आधीच सह्या झालेल्या करारांचे हप्तेच द्यायचे होते 29,033 कोटी. नव्या खरेदीसाठी पैसे सोडा, जुनी देणीही भागणार नव्हती. याला कमिटेड लायबिलिटी म्हणतात. तुमच्या ऑर्डरीच्या बाबतीत "फंड नाही" याचा हा एक अर्थ असू शकतो: हेडवर पैसे आहेत, पण त्यांच्यावर आधीच दुसऱ्यांचा हक्क आहे.

अशा वेळी काय होतं बघा. पगार थांबवता येत नाही. पेन्शन थांबवता येत नाही. परदेशी कंपनीचा हप्ता चुकला तर दंड. राहिलं काय? दारूगोळा, सुटे भाग, कपडे, दुरुस्ती. जे पुढे ढकललं तर लगेच कोणी आरडाओरडा करत नाही, तेच पुढे ढकललं जातं. कॅगने 2015 च्या अहवालात लिहिलं की दारूगोळ्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नव्हता, ठरवलेला युद्धसाठा मात्र चाळीस दिवसांचा. फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत आलेल्या अहवालात सियाचीनसारख्या अतिउंच ठिकाणच्या जवानांचे खास कपडे आणि उपकरणं यांच्या टंचाईवर ताशेरे होते. यातला एकही रुपया कोणी संरक्षणाबाहेर नेलेला नव्हता.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. 1 एप्रिल 2016 पासून संरक्षण सामग्रीच्या आयातीवरची सीमाशुल्काची सवलत काढून घेतली. म्हणजे संरक्षण मंत्रालय भांडवली मागणीतून तोफेची किंमत देणार, वर शुल्क देणार, आणि ते शुल्क अर्थ खात्याकडे जमा होणार. तरतूद तेवढीच, हातात येणारी सामग्री कमी. देशी उत्पादकांना समान संधी हे त्यामागचं कारण होतं आणि तुमच्यासारख्यांच्या दृष्टीने ते रास्तही होतं. पण जी वस्तू देशात बनतच नाही तिच्यावर शुल्क लावून कोणाचं भलं होणार? शेवटी जुलै 2019 च्या अर्थसंकल्पात देशात न बनणाऱ्या सामग्रीला पुन्हा सूट दिली. मधल्या काळात जे गेलं त्याला वळवणं म्हणायचं धाडस माझ्या माहितीतल्या एकाही वृत्तवाहिनीने केलं नाही.

उपाय म्हणून दर काही वर्षांनी एक कल्पना येते, 31 मार्चला न संपणारा निधी. जसवंत सिंह यांनी 2004 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 25 हजार कोटींचा असा निधी जाहीर केला होता. सरकार बदललं आणि तो तिथेच राहिला. नंतर एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी 2,38,354 कोटींच्या आधुनिकीकरण निधीची शिफारस केली. त्यात संरक्षण कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीचे आणि लष्कराच्या वापरात नसलेल्या जमिनींचे पैसे यायचे होते. सरकारने तत्त्वतः मान्य केलं. तत्त्वतः या शब्दाचा सरकारी अर्थ तुम्हाला माहीत आहेच. माझं मत विचाराल तर मी या निधीच्या बाजूने आहे, पण अर्धाच. विमानाचा करार दहा वर्षं चालतो आणि मंजुरी एका वर्षाची, हे विसंगत आहे, कबूल. पण न संपणारा पैसा म्हणजे न विचारला जाणाराही पैसा. संसदेच्या हातातला एकमेव खरा चाप म्हणजे दरवर्षीची मंजुरी. तोही आपण धड वापरत नाही. कित्येक वर्षी संरक्षणाच्या मागण्या चर्चेविनाच गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपल्यावर एकगठ्ठा मतदानाने, मंजूर होतात.

चाप वापरला तर काय होतं, त्याचं उदाहरण अमेरिकेचं. तिथे 2019 मध्ये खऱ्या अर्थाने निधी वळवला गेला. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी 5.7 अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसने 1.375 अब्ज दिले. 15 फेब्रुवारी 2019 ला त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि लष्करी बांधकामांचे 3.6 अब्ज भिंतीकडे नेले. त्यासाठी 127 कामं बाजूला ठेवली. आणखी 2.5 अब्ज आधी अमली पदार्थविरोधी खात्यात आणले आणि तिथून भिंतीवर लावले. तिथल्या कायद्यात अशा बदलाला स्पष्ट अट आहे: गरज आधी न दिसलेली असावी आणि काँग्रेसने ती नाकारलेली नसावी. भिंतीची मागणी तर उघड उघड नाकारलेली होती. प्रकरण न्यायालयात गेलं. 26 जुलै 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, खटला चालू असताना या अडीच अब्जांच्या वापराला मुभा दिली. पुढच्या फेब्रुवारीत आणखी 3.8 अब्ज गेले, त्यात लढाऊ विमानांचे पैसेही होते. 20 जानेवारी 2021 ला बायडेन यांनी काम थांबवलं.

आपल्याकडे असं होणार नाही, पण आपण फार सोवळे आहोत म्हणून नव्हे. आपल्याकडे ज्याच्या हातात सरकार त्याच्या हातात लोकसभेचं बहुमत. त्याला हवं ते तो पुरवणी मागणीतून रीतसर घेऊ शकतो. त्यामुळे आपली भांडणं संरक्षण खातं आणि अर्थ खातं यांच्यात, 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाआधी, बंद दारांआड होतात. बाहेर येतो तो फक्त निकाल.

युरोपात सध्या तिसराच खेळ चालू आहे. नाटोच्या सदस्यांनी 2025 मध्ये 2035 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के खर्चाचं लक्ष्य स्वीकारलं, त्यातले दीड टक्के पायाभूत सुविधा वगैरेंसाठी. लगेच इटलीत सिसिलीला जोडणारा मेसिनाचा साडेतेरा अब्ज युरोंचा पूल संरक्षण खर्चात धरता येईल का, अशी चर्चा सुरू झाली. टक्केवारीचं लक्ष्य ठेवलं की पूलही रणगाड्यासारखे दिसू लागतात.

म्हणूनच आपल्याकडची 'राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के' ही मागणी मला पटत नाही. 2025-26 चा सगळा आकडा धरला तर 1.9 टक्के होतात, पेन्शन वगळली तर दीडच्या आसपास. दोन्ही बरोबर, आणि दोन्हींवरून हवा तो निष्कर्ष काढता येतो. यापेक्षा यशवंतराव चव्हाणांच्या काळातली पद्धत मला शहाणपणाची वाटते. नोव्हेंबर 1962 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये आपल्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले. संरक्षणाची तरतूद 1962-63 च्या 376 कोटींवरून पुढच्या वर्षी 867 कोटींवर गेली. पण 1964 ते 69 च्या संरक्षण योजनेत टक्केवारीची भाषा नव्हती. त्यात सव्वाआठ लाखांचं सैन्य आणि वायुदलाच्या 45 तुकड्या लिहिल्या होत्या, म्हणजे काय उभं करायचं ते आधी ठरवलं होतं. ओझरचा मिग कारखाना याच काळात उभा राहिला. नंतरच्या पंचवार्षिक संरक्षण योजनांचं काय झालं ते पाहा: 2007 ते 12 ची अकरावी योजना औपचारिक मंजुरीविनाच संपून गेली. आणि 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झालं तेव्हा वायुदलाकडे मंजूर 42 पैकी 29 तुकड्या उरल्या.

पेन्शन शस्त्रांचा पैसा खाते, असं दर फेब्रुवारीत लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. नाशिक रोड ते भगूरपर्यंत किती घरं या पेन्शनवर उभी आहेत ते मी जवळून पाहिलं आहे. माझंही त्यातलंच, त्यामुळे माझा पक्षपात धरून चाला. समान हुद्दा समान पेन्शन 1 जुलै 2014 पासून लागू झाली, बोजा वाढला, हे खरंच. पण पेन्शन म्हणजे तरुणपणी कमी पगारात घेतलेल्या कामाचं उरलेलं देणं. ती 'वळवली' म्हणणं म्हणजे उधारी फेडायलाच उधळपट्टी म्हणणं. चार वर्षांच्या भरतीच्या अग्निपथ योजनेमुळे हा आकडा लगेच उतरेल असंही कोणी समजू नये. 2022-23 ला भरती झालेला जवान जुन्या पद्धतीत पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनवर गेला असता. म्हणजे त्याचा फरक 2038 च्या आधी ताळेबंदात दिसायचा नाही. तोवर निवृत्त होणारे सगळे जुन्या भरतीतलेच.

आता तुम्ही काय करायचं. 1 फेब्रुवारीला टीव्हीवरचा एकूण आकडा ऐकून सोडून द्या. अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर 'कॅपिटल आउटले ऑन डिफेन्स सर्व्हिसेस' ही मागणी काढा आणि विमाने व एअरो इंजिने या शीर्षापुढचे आकडे बघा: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाले, यंदाचा मूळ अंदाज किती, सुधारित किती. सुधारित आकडा मूळ आकड्याहून खाली असेल तर समजा, टप्पे अडकलेत, तुमची ऑर्डर आणखी सरकेल. वर असेल आणि तरी तुम्हाला "फंड नाही" सांगत असतील तर अडचण दिल्लीत नाही, तुमच्या खरेदीदाराच्या स्वतःच्या नियोजनात आहे. पुढे काम नाही असंही नाही: डिसेंबर 2024 मध्ये 12 सुखोईंचा साडेतेरा हजार कोटींचा करार झाला, ती विमानं ओझरलाच बनायची आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 तेजसचा 62,370 कोटींचा करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये वर्षाला आठ विमानांची तेजसची रांग ओझरला सुरू झाली.

ऑर्डर पुढे जाणं आणि बिल थकणं या गोष्टींची मात्र गल्लत करू नका. माल दिला, तो तपासून स्वीकारला, आणि पंचेचाळीस दिवस उलटून गेले, तर फंड आहे की नाही हा तुमचा प्रश्नच नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आयकर कायद्याप्रमाणे मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत दाखवता येत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार घालता येते, ती असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. उद्यम नोंदणी मात्र पुरवठ्याच्या आधीची हवी, आणि माल स्वीकारल्याचा तारखेसह कागद तुमच्या हातात हवा.